माहेरचा कप्पा

मामा पालथा पडून कपाटात शिरला होता. बाहेर फक्त त्याचे पाय उरले होते, आणि उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"भाऊजी, हा मधला खांब काढल्याशिवाय तुमची काच आत जायची नाही," आतून आवाज आला. "कपाट करताना काय तिजोरी करायला बसला होता?"

"आधी मोजा शिवून घे," त्याची बहीण म्हणाली.

"शिवायला तू आहेस की. आणि माझं भोक निदान गळत तरी नाही."

बहीण हसली नाही, पण ओठाची एक कड हलली. काच धरून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने ते पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे नेली. फांदीवर पाखरू येऊन बसावं आणि आपल्या नुसत्या बघण्याने ते उडेल असं वाटावं, तसं त्याला वाटलं.

मामा नळजोडणीची कामं करायचा. तसा तो तिचा धाकटा भाऊ. पण भाची जन्मली त्या दिवसापासून तो सगळ्या घराचाच मामा झाला. त्याच दिवशी बहीण आई झाली आणि बहिणीचा नवरा बाबा. घरात ही नावं जिने वाटली, ती लेक हिवाळा सरता सरता गेली. नावं मागे राहिली. नवरा-बायको अजूनही एकमेकांना आई आणि बाबा म्हणूनच हाक मारत. दुसरी हाक त्यांना कधी लागलीच नव्हती, आणि आता नवी शोधायची कुठे.

लेकीचा आजार रक्ताचा होता. अंगातली सगळी राखण गेलेली. साधी सर्दीसुद्धा तिला झेपली नसती. शाळा सुटली, अंगण सुटलं, मैत्रिणी फोनच्या काचेत जाऊन बसल्या. तेव्हा बाबांनी तिच्या पलंगावरून दारातून दिसेल अशा, बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला ही खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. डॉक्टर म्हणाले, बघायचं हवं तेवढं, पाण्यात हात घालायचा नाही. लेक म्हणाली, हात नाही घालणार, डोळे घालीन. आणि तिने घातले. सकाळी डोळे उघडले की टाकीत, मिटायला आले तरी टाकीत.

त्या टाकीत आता शंखातल्या चार गोगलगायी आणि एकच मासा उरला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, जशी कुणी निवांत बसून सुईने भरलेली. दुकानात त्याला मँडरिन म्हणत. लेकीने त्याचं नाव ठेवलं नक्षी. नक्षी पोहायची कमी आणि दगडांवरून चालायची जास्त. थांबायची, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवायची, टुचकन काहीतरी टिपायची, पुढे सरकायची. काय टिपते ते कुणाला दिसायचं नाही.

"हिची सुई हरवलीय," लेक म्हणायची. "शोधू द्या तिला."

सुई नव्हती, तिचं जेवण होतं. दगडांच्या खाचाखोचांत राहणारे, खसखशीच्या दाण्याहून बारीक असे जिवंत जीव. नक्षी दुसरं काही खात नसे. सुकं खाणं नाकासमोर तरंगत आलं तरी ती अंग चोरून बाजूला व्हायची. म्हणून मासेवाला दर आठवड्याला बाटलीभर असे जीव आणून टाकीत सोडायचा. मासेवाला म्हणजे खायला मासे देणारा नव्हे, जपायला देणारा. पण शेजारीण पहिल्यांदा त्याला जिन्यात भेटली तेव्हा तिने ताजं काय आहे म्हणून विचारलंच होतं. लेक गेली आणि तो यायचा थांबला. अशा घरी जाऊन माशाचं कसं विचारायचं, असं त्याला वाटलं. आई-बाबांना तर काहीच वाटत नव्हतं. ते नुसते होते.

मग एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या आईची नजर टाकीवर गेली आणि तिथेच अडकली. नक्षीचं पोट खपाटीला गेलं होतं. पाठीची धार वर आली होती. ती धार आईच्या ओळखीची होती. लेकीच्या खांद्यापाशी तशीच आली होती, आधी थोडी, मग कपडे चढवताना हाताला लागेल इतकी.

"बाबा," ती म्हणाली, "ही उपाशी आहे."

कितीतरी दिवसांत तिने आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. बाबा धावत फोनकडे गेले.

मासेवाला आला. जाडजूड, घाईचा माणूस, बाह्या कायम ओल्या. त्याने काचेला नाक लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"बाटलीतलं पीक माझ्याकडचं मेलं," तो म्हणाला. "आणि बाटलीने आता भागायचंही नाही. ही दिवसभर टिपत असते, आणि दगडांवर काही शिल्लक नाही. घरातच पिकवायला लागेल."

"कसं?" आईने विचारलं.

त्याने जमिनीवर बसून बोटाने आखून दाखवलं. टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची, तिला म्हणतात संप. वरचं पाणी नळीतून खाली येणार, पिशवीतून गाळलं जाणार, मग एकामागून एक कप्प्यांतून सरकत शेवटच्या कप्प्यात जाणार आणि तिथला पंप ते पुन्हा वर ढकलणार. सगळी करामत मधल्या कप्प्यात. तिथे थोडा चिखल, थोडे दगडाचे तुकडे, हिरव्या शेवाळाचा एक गुंता आणि वर दिवा. त्या गुंत्यात हे जीव राहतात. तिथे मासा नाही, खाणारं कुणी नाही. वाढतात, पिलं घालतात, आणि जास्त झाले की पाण्याबरोबर वर जातात, वरच्याच्या तोंडी.

"त्याला रेफ्युजियम म्हणतात," मासेवाला म्हणाला.

मामा दाराला टेकून ऐकत होता. "म्हणजे माहेर," तो म्हणाला. "बोलणारं कुणी नाही, खाऊन-पिऊन अंग धरायचं आणि मग जायचं वर सासरी, माशाच्या तोंडात."

"काय मेल्या बोलतोस," आई म्हणाली. पण त्या दिवसापासून त्या कप्प्याचं नाव माहेर पडलं.

मग घर कामाला लागलं. बाबांचं फोटोंच्या चौकटींचं दुकान होतं. लोकांच्या लग्नांवर, पदव्यांवर, गेलेल्या माणसांवर काच बसवण्यात त्यांचा जन्म गेलेला. एक फोटो मात्र दुकानाच्या खणात पाठीवर पडून होता, त्याच्यापुरती काच त्यांच्या हातून कापली जात नव्हती. कप्प्यांच्या काचा त्यांनी कापल्या. जाड काच, कडा घासून गुळगुळीत. "त्यांना कुठे लागायला नको," ते म्हणाले. खसखशीच्या दाण्याला कड कशी लागेल, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आईने गाळायची पिशवी शिवली, लोकरी जाड कापडाची, दुहेरी टाक्याची. कितीतरी दिवस झाकून ठेवलेल्या शिवणयंत्राला तिने तेल घातलं तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले आणि एकच पान वाचत राहिले, मशीनचा आवाज बंद होईपर्यंत.

आणि मामा पालथा.

खांब निघाला, काच आत गेली, नळ्या बसल्या. पंप सुरू झाला. वरून पाणी पडलं, पिशवी फुगली, मधला कप्पा भरला, पाणी शेवटच्या कप्प्यात आलं आणि गपचूप वर गेलं. तिघं गुडघ्यावर बसून बघत राहिले.

"वीज गेली तर?" बाबांनी विचारलं.

"गेली तर पंप थांबेल. वरचं थोडं पाणी खाली येईल आणि येऊन बसेल. तेवढी जागा ठेवलीय."

"बंद करून दाखव."

"भाऊजी, विश्वास ठेवा माणसावर."

"बंद कर."

मामाने बटण दाबलं. पाणी खाली यायला लागलं. आलं, आलं आणि येतच राहिलं. ज्या नळीतून पंप पाणी वर ढकलायचा तिचं तोंड वर टाकीत खोल बुडलेलं होतं. पंप थांबला तशी ती नळी उलटं पाणी ओढायला लागली. खालची टाकी काठोकाठ भरली, मग काठावरून कपाटात, कपाटातून फरशीवर, फरशीवरून मामाच्या मोज्यात.

"बंद कर रे."

"बंदच आहे ताई, तेच तर."

मामाने स्टुलावर उडी मारून नळीचं तोंड पाण्याबाहेर उपसलं, तेव्हा कुठे ते थांबलं. तो वर उभा, नळी हातात, बाहीतून काखेपर्यंत खारं पाणी. "जन्मात कधी संपावर गेलो नाही," तो म्हणाला, "आणि आज संपाने मला धुतला."

आई हसली. आवाज करून हसली. हातात फडकं, फडक्यातून पाणी ठिबकतंय, आणि ती भिंतीला टेकून हसतेय. मग स्वतःचाच आवाज ऐकू आल्यासारखी ती थांबली आणि तिने लेकीच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिघांनीही बघितलं. मग ती खाली बसून फरशी पुसायला लागली, आणि पुसून कोरडी झालेली फरशी तिने पुन्हा एकदा पुसली.

मामाने नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडलं. पाणी भोकापर्यंत उतरलं की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. पुन्हा पंप बंद केला. पाणी उतरलं, भोकापाशी सुर्र झालं, थांबलं.

"आता?" मामा म्हणाला.

"आता बरं आहे," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे मिरवणूकच.

आठवड्याने मासेवाला बादली घेऊन आला. वर ओलं पोतं झाकलेलं. त्याच्या दुकानात माल उतरत होता, म्हणून तो जिन्यातच उभा राहून बोलला. "सगळं आणलंय. माझ्या मोठ्या टाकीतून होतं नव्हतं ते काढलं तुमच्यासाठी. जरा वेळाने येतो आणि लावून देतो." बादली उंबऱ्यावर ठेवून तो गेला. मामा त्याच्याबरोबर दिवा आणायला गेला.

बाबांनी पोतं उचललं. आतून चिखलाचा, कुजल्या पाल्याचा, ओहोटीच्या काठाचा वास आला. हिरव्या लोकरीच्या गुंत्यासारखं शेवाळ, त्यात अडकलेली घाण, दगडाचे काळपट तुकडे, आणि सगळ्याच्या खाली गढूळ पाणी.

या घरात उंबऱ्याच्या आत येणारी प्रत्येक वस्तू धुतली जात असे. फळं धुतली जात, खेळणी धुतली जात, किल्ल्या, चष्मे, औषधांच्या बाटल्या, पुस्तकांची प्लॅस्टिकची कव्हरं. नियम डॉक्टरांनी दिला होता, पण नंतर तो डॉक्टरांचा राहिला नाही. बाबा डावीकडे, नळाखाली. आई उजवीकडे, हातात पांढरं फडकं. पाणी हाताला सोसेल तेवढं गरम. बाबा धुणार, बघणार, पुन्हा धुणार, न बघता उजवीकडे देणार. आई न बघता घेणार. बोलावं लागत नसे. किती संध्याकाळी ते तसे उभे राहिले होते, आणि पलीकडच्या खोलीतून लेक ओरडायची, "झाली का तुमची पूजा?"

लेक गेल्यावर ते दोघं त्या ओट्यापाशी एकत्र कधी उभे राहिले नव्हते. एक आला की दुसरा जायचा.

त्या दिवशी बाबांनी बादली ओट्यावर नेली आणि गढूळ पाणी ओतून दिलं. पाण्याबरोबर पांढरे ठिपके वळवळत भोकात गेले. त्यांनी नळ सोडला, मनगटावर गरमपणा पाहिला, आणि दगडाचा पहिला तुकडा पाण्याखाली धरला. पलीकडे फडक्याचा आवाज झाला. आई येऊन उभी होती. तिने हात पुढे केला, तुकडा तिच्या हातात आला.

एकामागून एक. काळे तुकडे राखाडी झाले, राखाडी पांढरे. शेवाळाचा गुंता बाबांनी मोकळा केला, बाळाचे केस मोकळे करावेत तसा, बटा बटा वेगळ्या करून, आणि त्यातून पाणी सोडलं. आईने एक तुकडा उजेडाकडे धरला. "इथे अजून आहे," ती म्हणाली. एका खाचेत पांढरे कण होते. बाबांनी मऊ ब्रश घेतला आणि खाच साफ केली.

तिचं कोपर त्यांच्या कोपराला लागलं. तिने काढलं नाही, त्यांनीही हलवलं नाही. खिडकीतून ऊन ओट्यावर आलं होतं, वाफ वर चढत होती, आणि दोघांच्या मनात आलं की आपण काहीतरी नीट करतोय. बऱ्याच दिवसांनी, दोघं मिळून, एका जिवासाठी काहीतरी नीट करतोय.

मामा आणि मासेवाला परत आले तेव्हा मधल्या कप्प्यात सगळं मांडलेलं होतं. हिरवंगार शेवाळ, पांढरे स्वच्छ दगड. मासेवाला वाकला. त्याने विजेरी काढली, काचेला लावली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"बादलीतलं पाणी?"

"ओतलं," बाबा म्हणाले. "फार घाण होतं. सगळं स्वच्छ धुऊन घेतलंय. दोनदा. गरम पाण्याने."

मासेवाल्याने विजेरी विझवली आणि तो जमिनीवर बसला.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"त्यातच होते हो ते," मासेवाला म्हणाला. अगदी हळू. "पाण्यात, चिखलात. त्या खाचांमध्ये. ते समुद्राचे जीव. गोड्या पाण्याने मरतात, गरमाने तर लगेच. मी सांगायला हवं होतं. माझीच चूक."

"तुमची कसली," मामा तावाने म्हणाला. "साधी गोष्ट आहे, जिवंत म्हटल्यावर कुणी..." त्याची नजर बहिणीच्या हातांवर गेली. तिच्या हातात अजून ते पांढरं फडकं होतं, आणि ती त्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"मी धुतलं," बाबा म्हणाले.

"मी पुसलं," आई म्हणाली.

"ब्रश मी मारला."

"कुठे मारायचा ते मी दाखवलं."

भांडण नव्हतं ते. एकाच ओझ्याच्या दोन कड्या दोघं धरत होते, समोरच्याला जड जाऊ नये म्हणून.

"एवढी वर्षं धुतलं," आई म्हणाली.

मासेवाला त्याच पावली दुकानात गेला. जे द्यायचं होतं ते सगळं देऊन बसला होता. त्याने नळ्यांच्या आतला गाळ खरवडला, जुन्या पिशव्या पिळल्या, आणि मूठभर काहीतरी ओल्या कागदात घेऊन आला. ते त्याने स्वतःच्या हाताने शेवाळात सोडलं. विजेरीच्या उजेडात दोन-चार ठिपके उड्या मारताना दिसले. दोन-चारच.

"बी पडलंय," तो म्हणाला. "पण रुजायला वेळ लागतो. दोनेक महिने तरी."

मामा उठून गॅलरीत गेला. रुजायला वेळ लागतो, असंच डॉक्टरही म्हणाले होते. मामाच्या हाडांतून काढलेला मगज भाचीच्या अंगात घातला होता, तेव्हा. रुजेपर्यंत जपा, एकदा रुजला की भीती नाही. तो रुजायला लागलाही होता. तसा अहवाल आला, पण तोवर तिला ताप चढून चार दिवस झाले होते. गॅलरीत मामा कठड्याचा एक सैल स्क्रू बोटानेच पिळत उभा राहिला.

"तिच्याकडे आहेत दोन महिने?" आत आईने विचारलं.

मासेवाल्याने ओल्या बाहीने विजेरी पुसली. "प्रयत्न करू," तो म्हणाला.

प्रयत्न केले. बाबांनी सुक्या अंड्यांतून कोळंबीची इवली पिलं उबवली, बाटलीला दिवा लावून, बुडबुडे सोडून. नक्षी त्यांच्याकडे बघायची, एखादं तोंडात घ्यायची आणि थुंकून टाकायची. बाबा काडीने तिच्या पुढ्यात पुन्हा सोडायचे. "घे गं, एवढं घे," ते काचेला तोंड लावून म्हणायचे. आई मागे उभी असायची. हे शब्द कुठल्या खोलीत, कुणापाशी, कुठला चमचा हातात धरून बोलले गेले होते, ते तिला माहीत होतं. शिवायला बसली की तिच्या तोंडून लेकीला भरवतानाची ओवी आपसूक निघायची:

*इवल्या तोंडाला गं, इवला इवला घास*
*भूक माझ्या बाळाची, मला लागे बारा मास*

खालच्या कप्प्यात शेवाळ वाढत होतं. वरच्या टाकीचा दिवा मालवला की खालचा लागायचा. मासेवाल्याने तसंच सांगितलं होतं, वरची झोपली की खालच्यांनी कामाला लागायचं. कपाटाच्या फटीतून उजेडाची एक बारीक रेघ फरशीवर यायची. आई झोपायच्या आधी त्या रेघेवरून पाय टाकून जायची, तुडवायची नाही.

नक्षी आता चालायची कमी. एका दगडाच्या आडोशाला बसून असायची. डोळे मात्र फिरत असायचे, एक इकडे, एक तिकडे. रंग जराही उतरला नव्हता. त्या निळ्या-नारिंगीकडे बघून कुणाला वाटलं नसतं की आत काही उरलं नाही.

एका सकाळी आई टाकीची काच पुसत होती. जिथून पंपाचं पाणी वर येऊन पडतं त्या तोंडाजवळ तिला एक पांढरा ठिपका दिसला. तिने बोट लावलं. ठिपका काचेच्या आतल्या बाजूला होता. तो हलला. थांबला. टुणकन उडाला आणि दगडावर जाऊन बसला.

"बाबा," ती कुजबुजली, मोठ्याने बोललं तर तो जाईल म्हणून. "बाबा, या. माहेराहून आलंय कुणीतरी."

बाबा दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आले. दोघं काचेपाशी बसले. नक्षीचा एक डोळा वळला. मग दुसरा. ती आडोशातून निघाली, दोन पावलं चालली, थांबली. बाबांच्या गालावरचा साबण सुकत होता. नक्षी पुढे सरकली, मान तिरकी केली, आणि टिपलं.

आईने बाबांचा हात धरला. नक्षीने थुंकलं नाही.

मामा तेव्हा कुणाच्या तरी न्हाणीघरात गळका नळ उघडून बसला होता. फोन वाजला.

"तिने खाल्लं," बाबांचा आवाज आला. "आम्ही दोघांनी पाहिलं. स्वतःहून खाल्लं."

मामा बादलीच्या काठावर टेकला. हेच वाक्य, याच आवाजात, त्याने आधी एकदा ऐकलं होतं, हिवाळ्यात, दवाखान्यातून. दोन चमचे खाल्ले तिने, स्वतःहून मागून. तेव्हा तो पिशवीभर फळं घेऊन धावला होता.

"छान," तो म्हणाला. "छान झालं भाऊजी." घरमालकीण दारात येऊन विचारायला लागली, किती वेळ लागेल. त्याने हातानेच तिला थांबा म्हटलं.

त्या दिवशी नक्षीने अजून एकदा टिपलं. दुसऱ्या दिवशीही एकदा. आईने मासेवाल्याला सांगितलं तेव्हा तो हो हो म्हणाला. फार दिवस उपाशी राहिलेल्या अंगाला घास मिळाला तरी तो घास धरून ठेवायला अंगच लागतं, हे त्याला माहीत होतं. ते त्याने त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या सकाळी ती त्याच दगडापाशी कुशीवर पडलेली होती. रंग तेवढाच. गोगलगाय जवळ आली होती. बाबांनी हात घालून आधी तिला दूर केलं आणि मग नक्षीला ओंजळीत घेऊन बाहेर काढलं. ओंजळीत ती दिसेनाशीच झाली, इतकी ती लहान होती.

"खाऊन गेली," आई म्हणाली. "उपाशी नाही गेली."

"नाही गेली," बाबा म्हणाले.

मामाने पंधरवडा जाऊ दिला. मग एका रविवारी पाने-पक्कड घेऊन आला, कारण कुणीतरी कपाटातला संप उतरवायलाच हवा होता आणि भाऊजी काही ते करणार नव्हते. त्याने कपाटाचं दार उघडलं, पालथा पडला, आणि तसाच राहिला.

"ताई," तो आतून म्हणाला. "जरा बघ."

आई वाकली. बाबाही तिच्या मागे येऊन बसले. मधल्या कप्प्याची काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. वर, खाली, कोपऱ्यात, शेवाळाच्या प्रत्येक बटेवर. काही इवले, काही त्याहून इवले. उडत होते, सरकत होते, एकमेकांच्या अंगावरून जात होते. बाबांनी घासलेल्या कडेवरून त्यांची रांगच्या रांग चालली होती. पाण्याबरोबर काही पुढच्या कप्प्यात ओढले जात होते, पंपात शिरत होते, वर जात होते.



"मासेवाल्याकडे दुसरी आलीय," बाबा म्हणाले. "बघायला या म्हणाला. तशीच आहे म्हणाला, रंगाने."

"तशीच म्हणजे?" आई म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली.

"तिचं पोट भरायला केलं होतं हे," आई म्हणाली. "भरलं तेव्हा ती नाही. आता दुसरीला कशी आणू, आणि कुठल्या तोंडाने तिला घे म्हणू?"

"मग काढू दे त्याला?"

"ते पण नको."

मामाने मान वळवून वर पाहिलं. "ताई, दोन्ही नको म्हटल्यावर मी करू काय? एक काहीतरी सांग."

"काही नको करू. चालू दे."

"कुणासाठी?"

मामाने पक्कड पिशवीत टाकली, पण बाहेर निघाला नाही; तसाच पालथा पडून राहिला, हनुवटी हातावर टेकून. बाबा फरशीवर मांडी घालून बसले. आईने उठून, नक्षी गेल्यापासून वरच्या टाकीवर टाकलेलं फडकं बाजूला केलं. ज्या दगडांवरून नक्षी चालायची ते सगळे दगड बारीक पांढऱ्या जिवांनी भरून गेले होते. भर उजेडात, अगदी उघड्यावर, ते इकडून तिकडे जात होते. लपायचं त्यांना काही कारणच उरलं नव्हतं.